संगीतसाधक वनराज भाटिया व आपलें उपासनासंगीत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सायंकालीन व्याख्यानमालेंत धर्मग्रामगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



या व्याख्यानमालेंत आजवर संतांचीं चरित्रें झालीं, आपल्या मिशनचा इतिहास झाला आणि कुटुंबधर्मावरही विवेचन झालें. आज मी ज्या गृहस्थांचें चरित्र सांगण्यास उभा आहें ते संत नव्हते, ख्रिस्ती नव्हते व आपल्या जिल्ह्यांतलेही नव्हते. मुंबईंतील एका कच्छी व्यापारी कुटुंबांत जन्मलेले ते एक संगीतरचनाकार होते. अशा पुरुषाचें चरित्र महोत्सवाच्या व्यासपीठावरून कां सांगावें, असा प्रश्न तुमच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर आधींच देऊन टाकतों.

गेले तीन महिने आपल्या गायकमंडळांत एक वाद चालू आहे. महोत्सवाच्या मिस्सेंत कोणतें संगीत असावें, हा तो वाद. तरुण मंडळी म्हणतात, नवा कीबोर्ड घेतला आहे तर तोच वाजावा. वडील मंडळी म्हणतात, पेटी, तबला व टाळ यांवांचून आमची उपासना होत नाहीं. कोणी हलगी सुचविली, तेव्हां एका वृद्ध गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलें. ते म्हणाले, "फादर, आमच्या आजोबांना ती गांवच्या वेशींत सक्तीनें वाजवावी लागे. ती वेदीपुढें आणूं नका." त्यावर एक तरुण उत्तरला, "म्हणूनच आणूं या. जें सक्तीनें वाजविलें तें आतां आनंदानें वाजवूं." दोघांचेंही बोलणें खरें होतें. पुढें मात्र प्रकरण एकमेकांशीं बोलणें सोडण्यापर्यंत गेलें, आणि सर्वांनीं मजकडे निकाल मागितला. निकाल देणें सोपें होतें. परंतु अधिकारानें दिलेल्या निकालानें तोंडें बंद होतात, मनें जुळत नाहींत. म्हणून मी निकाल न देतां एक चरित्र सांगतों. 'आपलें' संगीत कोणतें व 'परकें' कोणतें, या प्रश्नाशीं ज्यांनीं सारा जन्म झुंज घेतली त्यांचें हें चरित्र आहे.

श्री. वनराज भाटिया यांचा जन्म ३१ मे १९२७ रोजीं मुंबईंत झाला. त्यांचें शिक्षण न्यू इरा शाळेंत झालें, आणि हिंदुस्थानी गायनाचे पहिले पाठ त्यांना प्रो. बी. आर. देवधर यांच्या संगीतविद्यालयांत मिळाले. देवधर हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य व कुमार गंधर्वांचे गुरु. ते परंपरेंत मुरलेले असूनही पाश्चात्य संगीत त्यांनीं आवर्जून अभ्यासिलें होतें. जो स्वतःच्या घरांत भक्कम उभा असतो त्याला शेजाऱ्याच्या घरांत डोकावण्याचें भय वाटत नाहीं, ही गोष्ट त्या विद्यालयाच्या हवेंतच होती.

कुमारवयांत वनराजांच्या कानीं चायकोव्हस्की या रशियन रचनाकाराची पियानो व वाद्यवृंद यांसाठीं लिहिलेली पहिली कृति पडली, आणि मुलगा वेडावून गेला. घराणें व्यापाऱ्यांचें, पियानो शिकून पोट कसें भरणार, हा प्रश्न अशा घरांत कोणीही विचारील. परंतु त्यांनीं डॉ. माणेक भगत यांच्यापाशीं चार वर्षें पियानोचें शिक्षण घेतलें, आणि त्याचबरोबर एल्फिन्स्टन कॉलेजांतून १९४९ सालीं इंग्रजी वाङ्मयाची एम. ए. ही पदवी संपादन केली.

येथें पियानोविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्यापैकीं पुष्कळांनीं तो चित्रांतच पाहिला असेल. आपली पेटी वाजवितांना एक हात भाता हलविण्यांत गुंतलेला असतो. सूर धरण्यास एकच हात मोकळा राहतो. म्हणून पेटी गायकाच्या मागोमाग जाणारी एक चाल सुरेख वाजविते. पियानोला भाता नाहीं. पट्टी दाबली कीं आंतील लहानशी हातोडी तारेवर आपटते व सूर निघतो. पट्ट्या अठ्ठ्याऐशीं, आणि वाजविणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे. त्यामुळें डाव्या हातानें एक चाल, उजव्या हातानें दुसरी, आणि कुशल वादक असल्यास बोटांच्या वांटणीनें तिसरी व चौथीही चाल एकाच वेळीं चालवितां येते. पाश्चात्य संगीताचें मर्म या ठिकाणीं आहे. आपलें संगीत एकच स्वरपंक्ति घेऊन तिच्या अंतरंगांत उतरत जातें. तें संगीत अनेक स्वरपंक्ति घेऊन त्यांना एकमेकींशीं बोलावयास लावतें. एक विहिरीसारखें खोल, तर दुसरें संगमासारखें. विहीर थोर कीं संगम थोर, असें तहानलेला मनुष्य विचारीत नाहीं.

पदवी मिळाल्यावर वनराज लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्यूझिक या संस्थेंत दाखल झाले. तेथें हॉवर्ड फर्ग्युसन, ॲलन बुश व विल्यम ऑलविन अशा रचनाकारांच्या हाताखालीं त्यांनीं रचनाशास्त्राचा अभ्यास केला, आणि १९५४ सालीं सुवर्णपदक मिळविलें. तेथून ते शिष्यवृत्ति घेऊन पॅरिसला गेले व १९५९ पर्यंत एका असामान्य गुरूच्या शिष्यवर्गांत राहिले. त्या गुरु म्हणजे नादिया बुलांजे.

या बाईंविषयीं आपण कॅथोलिकांनीं थोडें अधिक जाणून घ्यावें. त्यांचा जन्म १८८७ चा. त्यांची धाकटी बहीण लिली ही त्यांच्याहून अधिक प्रतिभावान् समजली जाई. रचनाकारांना मिळणारें रोमचें मोठें पारितोषिक १९१३ सालीं जिंकणारी ती पहिली स्त्री. परंतु लिली अवघ्या चोविसाव्या वर्षीं, १९१८ सालीं, निवर्तली. पुढें नादिया यांनीं स्वतःची रचना करणें जवळजवळ सोडून दिलें, आणि उरलेलें दीर्घ आयुष्य दुसऱ्यांच्या हातून संगीत घडविण्यांत वेंचलें. त्या निष्ठावंत कॅथोलिक होत्या, व बहिणीच्या स्मरणार्थ प्रतिवर्षीं मिस्सा करवीत. वृद्धपणीं दृष्टि जवळजवळ गेली तरी १९७९ सालीं देहावसान होईपर्यंत त्यांचें शिकविणें थांबलें नाहीं. दुःखाचें दानांत रूपांतर कसें करावें याचा हा जिवंत पाठच म्हणावयाचा.

शिकविण्यांत त्या अत्यंत कठोर असत. सुरांच्या व्याकरणांतील बारीकशी चूकही त्यांच्या कानांतून सुटत नसे. तरीही आपल्यासारखेच शिष्य घडविण्याचा हट्ट त्यांनीं कधीं धरला नाहीं. १९५४ सालीं अर्जेंटिनाचे आस्तोर पियाझोला त्यांच्याकडे शिकावयास आले. त्यांनीं आपल्या युरोपीय पद्धतीच्या रचना मोठ्या अभिमानानें पुढें ठेविल्या. आपण आपल्या शहरांतील नाचगाण्याच्या अड्ड्यांत टँगो वाजवितों हें मात्र लाजेनें दडविलें. बाईंनीं तें खोदून काढलें, टँगो वाजवावयास लाविला, आणि तुम्ही खरे येथें आहां, हें सोडूं नका, असें बजाविलें. त्या टँगोनेंच पुढें पियाझोलांना जगभर कीर्ति दिली. म्हणजे परक्या शास्त्राचा कडक अभ्यास करून मनुष्य स्वतःच्या दारीं परत येऊं शकतो. वाटेंत थांबणारा मात्र ना घरचा राहतो ना दारचा.

भाटियांनीं ही वाट शेवटपर्यंत चालून काढली. त्यांच्या पियानोच्या कृतींपैकीं एकीचें नांव 'फँटेशिया अँड फ्यूग इन सी' असें आहे. फ्यूग म्हणजे काय तें समजून घेण्यास आपल्या आजींच्या जात्याचें स्मरण करा. पहांटे दोघी जणी दळावयास बसत. एकीनें ओवी उचलावी, तिचा चरण संपतो न संपतो तोंच दुसरीनें ती आपल्या गळ्यानें घ्यावी. फ्यूगमध्यें असेंच, परंतु अधिक शिस्तीनें चालतें. एक आवाज एकटा एक चाल म्हणतो. मग दुसरा आवाज तीच चाल वरच्या किंवा खालच्या पट्टींतून उचलतो. त्या वेळीं पहिला गप्प बसत नाहीं, दुसऱ्यास शोभेल असें वेगळें कांहीं गात राहतो. मग तिसरा येतो, चौथा येतो. प्रत्येकाची वाट स्वतंत्र, परंतु कोणीही दुसऱ्यास झांकीत नाहीं. एकानें दुसऱ्यावर ओरडावयास आरंभ केला कीं फ्यूग मोडला. आपल्या गायकमंडळाच्या सभासदांनीं हें वाक्य घरीं जातांना आठवावें, एवढीच विनंति.

१९५९ सालीं ते स्वदेशीं परतले. आतां पाहा, केवढी विद्या घेऊन मनुष्य आला, आणि ती ऐकणारे येथें किती होते ? वाद्यवृंद मोजके, पाश्चात्य पद्धतीच्या नव्या भारतीय रचनेला श्रोते त्याहून मोजके. रचना कागदावर लिहावी व कपाटांत ठेवावी अशी ती स्थिति. १९६० ते १९६५ या काळांत त्यांनीं दिल्ली विद्यापीठांत पाश्चात्य संगीतशास्त्राचें अध्यापन केलें. निर्वाहासाठीं ते जाहिरातींच्या संगीताकडे वळले. त्यांनीं सात हजारांहून अधिक जाहिरातींना चाली दिल्या असें सांगितलें जातें. लिरिल साबणाची धबधब्याखालची ती चाल तुमच्यापैकीं चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. पॅरिसमध्यें शिकलेल्या पंडितानें साबणाची चाल करावी, यांत कोणास कमीपणा वाटेल. मला वाटत नाहीं. आपला प्रभु तीस वर्षें नासरेथांत सुताराच्या घरीं राहिला. काम लहान असलें तरी हात सच्चा असावा, एवढेंच पुरे आहे.

१९७४ सालीं श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर' या चित्रपटास त्यांनीं संगीत दिलें, आणि तेथून दोघांची दीर्घकालीन जोडी जमली. १९७६ चा 'मंथन' आपल्या जिल्ह्यास विशेष जवळचा वाटावा. गुजरातेंतील पांच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये घालून तो चित्रपट उभा केला. सहकार म्हणजे काय, हें प्रवरेच्या कांठीं राहणाऱ्यांना मीं सांगावयास नको. १९५० सालीं लोणीस साखर कारखाना उभा राहिला तोही थेंबाथेंबानेंच. त्या चित्रपटांतील 'मेरो गाम काठा पारे' हें प्रीति सागर यांनीं गाइलेलें गाणें ऐका. पॅरिसची विद्या कोठें गेली, असें क्षणभर वाटतें. ऐकूं येतो तो एका खेड्याचा साधा सूर. विद्या गेली नव्हती. ती इतकी मुरली होती कीं स्वतःचें प्रदर्शन करण्याची गरज तिला उरली नव्हती.

१९७७ च्या 'भूमिका' या चित्रपटाचा आधार म्हणजे आपल्या मराठी नटी हंसा वाडकर यांचें 'सांगत्ये ऐका' हें आत्मचरित्र. त्यांत जुन्या बोलपटांच्या काळचा गाण्याचा बाज भाटियांना नव्यानें उभा करावा लागला. १९८५ चा 'त्रिकाल' हा गोव्यांतील एका कॅथोलिक घराण्याची कथा सांगतो. कच्छी कुळांत जन्मलेला हा रचनाकार मराठी तमाशा-नाटकाच्या वातावरणांतही रमला व गोव्याच्या कॅथोलिक घरांतही रमला. फाळणीच्या दुःखावरील 'तमस' या कृतीच्या संगीतासाठीं त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार लाभला. १९८९ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २०१२ सालीं पद्मश्री हे सन्मानही त्यांना मिळाले.

माझी व त्यांच्या संगीताची पहिली भेट १९८८ सालची. तेव्हां मी विद्यार्थी होतों. गांवांत दूरदर्शन एकाच घरीं होतें; रविवारची मिस्सा आटोपली कीं आम्ही मुलें 'भारत एक खोज' पाहावयास त्या घराच्या ओसरीवर गर्दी करीत असूं. आरंभीं ऋग्वेदांतील सृष्टीच्या उत्पत्तीविषयींचें तें गंभीर सूक्त समूहस्वरांत सुरूं होई, आणि ओसरीवर शांतता पसरे. पुष्कळ वर्षांनीं सेमिनरींत ग्रेगोरियन गायन शिकतांना मला एकाएकीं ती ओसरी आठवली. तीच गंभीरता, उत्तर ठाऊक नसतांना आकाशाकडे पाहणाऱ्या मनुष्याचा तोच विनय. तें सूक्त आपल्या श्रद्धेचें वचन नव्हे, हें मला ठाऊक आहे. परंतु अन्य धर्मांत जें सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेनें १९६५ सालीं स्पष्ट सांगितलें. तें सांगणें पुस्तकांत वाचण्यापूर्वीं मीं त्या ओसरीवर कानांनीं ऐकलें होतें.

आतां आपल्या वादाकडे वळूं. पेटी आपली व कीबोर्ड परका, असें वडील मंडळी म्हणतात. तर ऐका. हार्मोनियमचें पेटंट अलेक्सांद्र देबँ या फ्रेंच गृहस्थानें १८४२ सालीं पॅरिस येथें घेतलें. म्हणजे आपली पेटी ही मूळची पॅरिसची लेक आहे. आपल्या घरीं नांदून ती आपली झाली. तिला सासुरवासही चुकला नाहीं. आपल्या गायनांतील मींड व सूक्ष्म श्रुति तिच्या पट्ट्यांतून निघत नाहींत म्हणून १९४० सालीं आकाशवाणीनें तिला दार बंद केलें, व ती बंदी सुमारें तीस वर्षें टिकली.

दुसरें ऐका, हें तरुणांसाठीं. पियानो जातीचें वाद्य चर्चमध्यें शोभतेंच, असें तुम्ही समजतां. परंतु पोप संत दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संगीताची आश्रयदात्री संत सेसिलिया हिच्या सणादिवशीं, जें आज्ञापत्र काढलें त्यांत पियानोला चर्चमध्यें मनाई केली, आणि त्याच पंक्तींत ढोल व झांजा यांनाही मनाई केली ! म्हणजे त्या काळीं तुमचा कीबोर्ड व आमचे टाळ हे एकाच बांकावर, दाराबाहेर बसले असते. पुढें साठ वर्षांनीं, ४ डिसेंबर १९६३ रोजीं, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेनें उपासनेविषयींचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यांत ऑर्गनचा मान कायम ठेविला, परंतु पवित्र कार्यास योग्य अशीं इतर वाद्येंही स्वीकारतां येतील असें सांगितलें, आणि मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य स्थान द्यावें असें आग्रहानें म्हटलें. नियम कां बदलला ? कारण वाद्याला धर्म नसतो. वाजविणाऱ्याच्या मनांत प्रार्थना आहे कीं तमाशा आहे, हा प्रश्न १९०३ सालींही खरा होता, आजही खरा आहे.

आपल्या नगर जिल्ह्यास हें नवें नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं गोव्यांत सतराव्या शतकाच्या आरंभीं ओवी हा छंद ख्रिस्तचरित्रासाठीं घेतला. एकोणिसाव्या शतकांत अहमदनगर येथें कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तन उभें केलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे तर नगरचेच म्हणावयाचे. ते आपल्या पंथाचे नव्हते, परंतु त्यांचीं पदें पंथाच्या भिंती ओलांडून आपल्याही ओठीं आलीं. या साऱ्यांनीं उधारीची मिसळ केली नाहीं. ज्या छंदांत लिहावयाचें तो छंद त्यांनीं पूर्णपणें आत्मसात् केला. भाटियांनीं सुरांत तेंच केलें. म्हणून मला असें वाटतें कीं जें संगीत आपण मनापासून शिकलों व प्रेमानें वाढविलें तें आपलें; जें न शिकतां नुसतें वापरलें तें परकें, मग तें आपल्या आजोबांचें कां असेना. बटण दाबून यंत्राचा ठेका लावणें ही साधना नव्हे; आणि तीस वर्षें त्याच चार चाली बेसूर म्हणत राहणें हीही साधना नव्हे. हलगीविषयीं सांगावयाचें तर, ज्यांच्या पाठीवर तिचे वळ आहेत त्यांच्या संमतीवांचून ती वेदीपुढें येऊं नये. आणि ज्या दिवशीं ते वृद्ध गृहस्थ स्वतः म्हणतील, "आणा," त्या दिवशीं ती सर्वांपुढें मानानें वाजावी.

मित्रहो, भाटियांच्या चरित्राचा शेवटचा भाग सांगणें मला अवघड जातें. परंतु त्यासाठींच मी हें चरित्र निवडलें. वृद्धपणींही त्यांची लेखणी थांबली नव्हती. गिरीश कर्नाड यांच्या नाटकावरून ते 'अग्निवर्षा' ही संगीतिका रचीत होते. तिचा पहिला अंक २०१२ सालीं न्यूयॉर्क येथें सादर झाला. जानेवारी २०१९ मध्यें यो-यो मा या जगद्विख्यात चेलोवादकानें मुंबईच्या मैफलींत त्यांची 'रेव्हरी' ही रचना वाजविली. त्याच वर्षीं वृत्तपत्रांतून बातमी आली कीं हे वृद्ध रचनाकार आजारांनीं व पैशाच्या अभावानें त्रस्त आहेत, आणि घरांतील भांडीं विकण्याची वेळ त्यांच्यावर आली आहे. बातमी वाचून मदत पुढें आली, ही समाधानाची गोष्ट. परंतु बातमी छापून येईपर्यंत आपण सारे कोठें होतों ? ज्यांच्या चाली घरोघर गुणगुणल्या गेल्या त्यांच्या दारावर थाप मारण्यास आपल्याला वर्तमानपत्र लागलें. ७ मे २०२१ रोजीं, महामारीच्या काळांत, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, मुंबईंतील राहत्या घरीं त्यांचें निधन झालें.

ही बातमी वाचली त्या दिवशीं मला दुसऱ्याच एका माणसाची आठवण झाली. त्यांचें नांव मी घेत नाहीं. तुम्हां सर्वांस तें ठाऊक आहे. त्यांनीं चाळीस वर्षें आपल्या मिस्सेंत, लग्नांत, अंत्यविधींत पेटी वाजविली. उन्हातान्हांत सायकलच्या मागें ती बांधून ते वस्तीवस्तीवर भजनास जात. त्याबद्दल त्यांनीं एक पैसा घेतला नाहीं, व आपणही कधीं विचारलें नाहीं. या धर्मग्रामांत मी आलों त्या पहिल्याच वर्षीं 'नवें कांहीं करावें' या उत्साहांत मीं त्यांची पेटी कोठीच्या खोलींत ठेवविली, आणि एका सणाला शाल व श्रीफळ देऊन त्यांना मोकळें केलें. त्यांनीं हूं कीं चूं केलें नाहीं. गेल्या महिन्यांत मीं ती खोली उघडली, तेव्हां पेटीचा भाता उंदरांनीं कुरतडलेला होता. दोष उंदरांचा नव्हता. आज ते गृहस्थ अंथरुणास खिळले आहेत. माझी ही चूक मीं त्यांच्याजवळ जाऊन कबूल केली आहे. आज तुमच्यापुढेंही कबूल करितों.

म्हणून महोत्सवाच्या निमित्तानें मी तीन गोष्टी सुचवितों. पहिली, महोत्सवाच्या वर्गणींतून एक लहानसा निधि वेगळा काढावा. आपल्या धर्मग्रामांत ज्यांनीं आयुष्यभर गाइलें, वाजविलें, घंटा ओढली, वेदी झाडली, अशा वृद्ध व आजारी सेवकांच्या औषधपाण्यासाठीं तो असावा. ही भिक्षा नव्हे. हें थकलेलें ऋण आहे. दुसरी, दर शनिवारीं मुलांचा संगीतवर्ग भरावा, आणि त्यांत प्रत्येक मुलानें दोन्ही शिकावें. कीबोर्ड शिकणाऱ्यानें पेटीवर सरगम व एक राग शिकावा. पेटी शिकणाऱ्यानें पाश्चात्य स्वरलिपि वाचावयास शिकावें व दोन आवाजांत गावें. मुलींनाही हा वर्ग तितकाच खुला असावा. जगांतील कितीएक नामांकित रचनाकार एका बाईच्या हाताखालीं घडले, हें विसरूं नका. तिसरी, महोत्सवाच्या मिस्सेंत प्रवेशगीत पेटी-तबल्यावर व्हावें, अर्पणगीत कीबोर्डवर व्हावें, आणि ख्रिस्तप्रसादानंतरचें गीत दोन्ही मंडळांनीं मिळून म्हणावें. कोणीं कोणाच्या मागें जावयाचें, तें दोघांनीं एकत्र बसून ठरवावें. मी त्या बैठकींत चहा देईन, मत देणार नाहीं.

स्तोत्रसंहितेचें शेवटचें स्तोत्र घरीं जाऊन काढून पाहा. त्यांत शिंग आहे, वीणा आहे, डफ आहे, बासरी आहे, दोन प्रकारच्या झांजा आहेत. स्तोत्रकर्त्यानें एकालाही दाराबाहेर ठेविलें नाहीं, आणि शेवटीं तर श्वास घेणाऱ्या प्रत्येकालाच स्तुतींत ओढलें आहे. अंथरुणावर कष्टानें श्वास घेणारा माणूसही त्यांतून वगळला नाहीं.

पेटीला नवा भाता बसवून आणिला आहे. उद्यां सायंप्रार्थनेनंतर ती घेऊन आपण सारे त्या घरीं जाऊं. तरुणांनीं पेटी उचलावी, वडिलांनीं टाळ घ्यावेत. मास्तरांच्या अंगणांत बसून त्यांच्याच चालीवर एक पद म्हणूं. त्यांची बोटें आतां चालत नाहींत. परंतु कान शाबूत आहेत, आणि आपण चुकलों तर ते भुवई उंचावतील, एवढी खात्री बाळगा.

ज्या प्रभूनें प्रत्येकास वेगवेगळें दान दिलें, त्यानें तीं दानें मातींत न पुरण्याची बुद्धि आपणांस द्यावी. ज्यांनीं आपलीं दानें आपल्यासाठीं झिजविलीं त्यांचें स्मरण ठेवण्याचें मन द्यावें. आणि आपल्या या लहानशा धर्मग्रामांतील नाना आवाजांतून, कोणीही कोणास न झांकतां, त्याच्या चरणीं एकच स्तुति पोंचावी, ही पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.